४,४४४ रुग्ण आणि एक जुनी शंका

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाने स्टॅटिन घ्यावे का? १९९० च्या सुमारास या प्रश्नावर वैद्यकविश्वात एकमत नव्हते; आणि ती शंका निराधारही नव्हती.

अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये जपानात बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. कोलेस्टेरॉल उतरते, हे निर्विवाद. पण माणूस वाचतो का? क्लोफायब्रेट या आधीच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत झटके घटले होते, एकूण मृत्यू मात्र वाढले होते!

अखेर उत्तर युरोपातील पाच देशांत ४,४४४ रुग्णांवर चाचणी झाली. सर्वांना पूर्वी झटका आलेला किंवा अंजायनाचा त्रास असलेला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळते, हे ना रुग्णास ठाऊक, ना डॉक्टरास.

नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने निकाल छापला. सुमारे ५.४ वर्षांत निष्क्रिय गोळीच्या गटात २५६ मृत्यू, सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. हृदय व रक्तवाहिन्यांखेरीज अन्य कारणांनी झालेले मृत्यू अनुक्रमे ४९ आणि ४६. क्लोफायब्रेटची भीती इथे खरी ठरली नाही.

अर्थात, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही शंभरातले सुमारे ८८ जण हयात होतेच. आपण त्यांच्यातले की उरलेल्या बारांतले, हे मात्र गोळी हाती घेणाऱ्या एकट्या रुग्णाला कोणतीही चाचणी सांगू शकत नव्हती.