कायस : वाळवंटातून आलेले खर्जाचे रॉक

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पाम डेझर्ट या गावात उदयास आलेला ‘कायस’ हा बँड ‘स्टोनर रॉक’ या संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक मानला जातो. बोलीभाषेत ‘स्टोनर’ म्हणजे गांजाच्या धुंदीत असणारा. कायसचे गिटारवादक जॉश हॉमी यांना हे बिरुद कधीच रुचले नाही. ‘डेझर्ट रॉक’, म्हणजेच वाळवंटी रॉक, हे दुसरे नाव या संगीताच्या जन्मस्थानाशी अधिक प्रामाणिक आहे.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या या परिसरात तरुण वादकांसाठी व्यासपीठे फारशी नव्हती. त्यामुळे गावाबाहेरच्या उजाड माळावर डिझेल किंवा पेट्रोलवर चालणारे जनित्र नेऊन रात्री मैफली भरत. त्या ‘जनरेटर पार्टी’ या नावाने ओळखल्या जातात. तेथे ना छप्पर, ना आवाज परतवणाऱ्या भिंती. श्रोत्यांपर्यंत पोहोचायचे तर वादन दणदणीतच हवे. अशा मैफलींत हा बँड घडला.

बँडची स्थापना १९८७ मध्ये झाली, तेव्हा हॉमी आणि ड्रमवादक ब्रँट ब्यॉर्क अवघे १४ वर्षांचे होते. गायन जॉन गार्सिया यांच्याकडे होते. १९८९ मध्ये ‘सन्स ऑफ कायस’ हे नाव घेण्यात आले. ते ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील एका प्रेतयोनीचे. १९९१ च्या ‘रेच’ या पहिल्या अल्बमच्या वेळी त्यातील ‘कायस’ एवढेच उरले.

‘ब्लूज फॉर द रेड सन’ (१९९२) या दुसऱ्या अल्बमने बँडची खरी ओळख निर्माण केली. हॉमी गिटारच्या तारा नेहमीपेक्षा चार अर्धस्वर उतरवून लावत आणि ती बास गिटारसाठीच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवत. त्यामुळे गिटारला भारदस्त, घुमणारा खर्ज लाभला. निर्मितीत ख्रिस गॉस यांचा वाटा मोठा होता. हा नाद विस्कटू न देता ध्वनिमुद्रित करणे सोपे नव्हते. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘मेटॅलिका’च्या मैफलींपूर्वी वादन करण्याची संधीही कायसला मिळाली.

त्याच वर्षी पुढील अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. परंतु ‘डाली’ ही कंपनी बंद पडल्याने तो १९९४ मध्ये ‘इलेक्ट्रा’तर्फे प्रकाशित झाला. ‘वेलकम टू स्काय व्हॅली’ या नावाने परिचित असलेल्या या अल्बममधील गाणी सीडीवर तीन सलग भागांत गुंफलेली होती. हवे ते गाणे निवडण्याची सोय श्रोत्याला जवळजवळ नव्हती. हीच कायसची सर्वोत्तम कृती म्हणता येईल. तोवर बासवादक निक ऑलिव्हेरी यांच्या जागी स्कॉट रीडर आले होते, तर ब्यॉर्क हे ध्वनिमुद्रणानंतर बाहेर पडले. १९९५ मध्ये चौथा अल्बम प्रकाशित झाला आणि त्याच वर्षी बँड विसर्जित झाला. व्यावसायिक यश तोवर बेताचेच होते.

कीर्ती मागाहून आली. हॉमी यांच्या ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’चा ‘साँग्ज फॉर द डेफ’ (२००२) जगभर गाजला आणि नवे श्रोते मागे वळून कायसकडे आले. स्वीडनमध्ये ‘डोझर’ आणि ‘लोरायडर’ यांनी हाच नाद उचलला. वाळवंटाचा मागमूस नसलेल्या लंडन आणि बर्लिन येथे २०१२ पासून ‘डेझर्टफेस्ट’ भरू लागला.

त्याच वर्षी कायसचे नाव मात्र न्यायालयात पोहोचले होते. गार्सिया, ब्यॉर्क आणि ऑलिव्हेरी यांनी ‘कायस लिव्ह्ज!’ या नावाने मैफली सुरू केल्या होत्या. मार्च २०१२ मध्ये हॉमी आणि रीडर यांनी या नावाच्या वापराविरुद्ध दावा दाखल केला. या नावाने ध्वनिमुद्रणे प्रकाशित करण्यास न्यायालयाने ऑगस्टमध्ये मनाई केली. मैफलींसाठी ते अटींसह वापरण्यास मुभा राहिली. अखेरीस गार्सिया आणि ब्यॉर्क यांनी ते नाव सोडले आणि २०१३ चा ‘पीस’ हा अल्बम ‘व्हिस्टा चिनो’ या नावाने प्रकाशित केला. हे नाव पाम स्प्रिंग्ज येथील एका रस्त्याचे आहे.