मनगटावरचे कालगणित

केवळ अचूक वेळ पाहण्यासाठी आज यांत्रिक घड्याळाची गरज उरलेली नाही. काहीशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी साधारण पंधरा-वीस सेकंदांची चूक करते. उलट उत्तम यांत्रिक घड्याळाला क्रोनोमीटरचे स्विस प्रमाणपत्र देताना दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा दिली जाते. तरीही अशा घड्याळांसाठी कोट्यवधी रुपये मोजणारे संग्राहक जगभर आहेत. यात श्रीमंतीचा डौल आहेच. पण त्याच्या मुळाशी कालगणनेचे एक प्राचीन कोडे आहे, आणि ते खानदेशाला परके नाही.

तास, मिनिट व सेकंद यांपलीकडे घड्याळ जे जे दाखवते, त्याला या व्यवसायात ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात. साधी तारीख हीही त्यातलीच. चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळात बहुधा ५९ दात्यांची तबकडी असते. तिच्यावर दोन चंद्र असल्याने प्रत्येक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा धरला जातो. प्रत्यक्षात तो किंचित मोठा असल्यामुळे अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात एका दिवसाचा फरक पडतो. ‘मिनिट रिपीटर’मध्ये कळ दाबताच इवल्याशा हातोड्या तास, पाव तास आणि मिनिटे वाजवून दाखवतात, दिव्याच्या काळात अंधारात वेळ कळावी म्हणून ही सोय निघाली. ‘टूरबिलॉन’चे पेटंट अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ मध्ये पॅरिसला घेतले. खिशातील घड्याळ बराच वेळ उभे राहते व गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या गतीत फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी त्यांनी गती राखणारे चाक एका फिरत्या पिंजऱ्यात बसवले.

संग्राहकांच्या विशेष आदरास पात्र ठरते ते शाश्वत कॅलेंडर. यात चार वर्षांत एकच फेरा पूर्ण करणारे एक चाक असते आणि त्याच्या कडेवर ४८ महिन्यांच्या लांबीनुसार कमी-अधिक खोलीच्या खाचा असतात. तरफ खाचेत किती उतरते, यावरून महिनाअखेरीस तारीख किती घरे पुढे सरकायची हे ठरते. लीप वर्षाचा २९ फेब्रुवारीही त्यात आपोआप येतो. मात्र २१०० हे लीप वर्ष नसल्याने त्या वर्षी यातील बहुतेक घड्याळे हाताने दुरुस्त करावी लागतील. असे पहिले मनगटी घड्याळ पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या कंपनीने १९२५ मध्ये बनवले. तिथपासून २०२५ पर्यंत मजल कुठे गेली पाहा : वाशेरॉन कॉन्स्टंटिनने त्या वर्षी सादर केलेल्या ‘सोलारिया’ या मनगटी घड्याळात ४१ कॉम्प्लिकेशन्स आणि १,५२१ भाग आहेत.

सौर वर्ष असे दातेरी चाकांत बसवता येते. सूर्य आणि चंद्र या दोघांचा मेळ घालणे त्याहून अवघड. एरंडोलच्या नैर्ऋत्येस, चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ ११५० मध्ये रचला. त्यातील यंत्राध्यायात वेळ मोजण्याच्या साधनांचे वर्णन येते. पाण्यात बुडणारे घटिकापात्र त्यांत आहे आणि सर्वांत श्रेष्ठ म्हणून ‘धीयंत्र’, म्हणजे बुद्धी हेच यंत्र, गणले आहे. आपल्या पंचांगात ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिकमास. तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, पण ठरावीक अंतराने नव्हे. चिनी पंचांगाचा नियमही याच्याशी मिळताजुळता आहे. तो यंत्रात उतरवण्याचे काम वाशेरॉनने २०२४ च्या ‘बर्कले’ या खिशातील घड्याळात केले. त्यात ६३ कॉम्प्लिकेशन्स व २,८७७ भाग असून ते सिद्ध होण्यास ११ वर्षे लागली. पंचांगकर्ता जे कागदावर गणिताने करतो, ते येथे पितळ व पोलाद करतात. संग्राहकाला भुरळ पडते ती याचीच.

ही कला एकदा बुडू लागली होती. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील बहुसंख्य रोजगार नाहीसा झाला. जे दुर्मिळ झाले त्याचेच मोल पुढे वाढले. २०१९ मध्ये पाटेक फिलिपचे पोलादी ‘ग्रँडमास्टर चाइम’ जिनिव्हातील धर्मादाय लिलावात ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले.

आपल्याकडे संग्रहाची वाट एचएमटीपासून सुरू होते. या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे बनवण्यास आरंभ केला. हाताने चावी देण्याचे ‘जनता’ हे तिचे साधे घड्याळ लग्नात जावयाला देण्याजोगे मानले जाई. घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि जुन्या नगांना मागणी वाढली. मागणीबरोबर फसगतही आली. जुनी तबकडी नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून विकलेल्या नगांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. चकचकीत रंग, जाडसर अक्षरे, कंपनीने कधी न वापरलेली रंगसंगती ही त्यांची लक्षणे.

म्हणून नवख्या संग्राहकाने झळाळीपेक्षा अस्सलपणा पाहावा. डागाळलेली मूळ तबकडी ही नव्या रंगापेक्षा मोलाची. खरेदीपूर्वी मागचे झाकण उघडून यंत्र पाहावे आणि ते दुरुस्त करू शकणारा कारागीर कोण, हेही आधीच शोधून ठेवावे. यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी साफसफाई व तेल लागतेच. ते करणारे हात उरले नाहीत, तर कोटीचे ‘चाइम’ काय आणि आजोबांचे ‘जनता’ काय, दोन्ही पेटीतच थांबून राहतील.