औषधदान आणि ज्ञानदान : रुग्णसेवेतून उमललेले संशोधन

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने जैन परंपरेने श्रावकाच्या कर्तव्यात गणली आहेत. दवाखाना काढणे म्हणजे औषधदान आणि विद्यालय काढणे म्हणजे ज्ञानदान, अशी त्यांची विभागणी समाजात रूढ झाली आहे. तथापि रुग्णाला बरे करता करताच नवे ज्ञान मिळवणाऱ्या डॉक्टरांच्या ठायी ही दोन्ही दाने एकत्र नांदतात. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आढळतात.

पहिले उदाहरण मुंबईचे. डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदास पूर्वापार ज्ञात होती आणि १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाबावरील गुणाची नोंदही केली होती. वकिलांनी उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण निवडून, औषधापूर्वीचे व नंतरचे रक्तदाब काटेकोरपणे टिपून, १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातील रिझर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले, तर १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. रुग्णालय, रुग्णांची नियमित तपासणी आणि नोंदी ठेवण्याची शिस्त हे त्यांचे भांडवल होते.

दुसरे उदाहरण कोकणातील. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील (तेव्हाचा कुलाबा) महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व कोवळी मुले काही तासांत दगावत असत. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद करू लागले. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू ओढवतो, हे क्रमाक्रमाने स्पष्ट झाले. १९८२ साली 'लॅन्सेट'ने धोक्याच्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख छापला. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी उपयोगात आणली. १९८६ साली त्याविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला, तेव्हा सहलेखिका होत्या त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले. २०११ साली महाड येथील सत्तर रुग्णांवरील, प्रतिविष व प्राझोसिन यांच्या एकत्रित वापराचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. २०२२ साली डॉ. बावसकरांना पद्मश्री देण्यात आली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आडवळणाच्या गावात ही साधना दांपत्याच्या चिकाटीवर तगली, परंतु प्रत्येक डॉक्टराकडून तशी अपेक्षा करणे न्याय्य ठरेल काय? बाह्यरुग्ण विभागातील रांग संपेपर्यंत सायंकाळ होते. नोंदवही उघडण्यास वेळ नसतो, मदतनीस नसतो आणि संशोधनात गेलेल्या तासांचे मानधन कोणी देत नाही. परिणामी कित्येक निरीक्षणे डॉक्टरांच्या मनातच विरून जातात.

या उणिवेवर दानशूरांनी उपाय योजल्याचा दाखलाही इतिहासात आहे. औषधव्यवसायात धन मिळविलेल्या हेन्री वेलकम यांच्या मृत्युपत्रानुसार १९३६ साली लंडनमध्ये वेलकम ट्रस्ट स्थापन झाला. याच ट्रस्टने भारत शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागासमवेत २००८ साली 'इंडिया अलायन्स' उभारला आणि संशोधन करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांनाही अधिछात्रवृत्तीचे दार उघडले.

धर्मादाय रुग्णालयांच्या भिंतींवर खाटा, खोल्या आणि यंत्रे देणाऱ्यांची नावे कोरलेली असतात. डॉक्टरांच्या आठवड्यातील एक मोकळा दिवस, एक नोंदलेखक, एक वाचनालय यांसाठी दिलेल्या देणगीची पाटी मात्र क्वचितच दिसते. एक खाट एका वेळी एकाच रुग्णाला आधार देते. बिरवाडीतील नोंदवहीने मात्र, जिची कधी भेटही होणार नव्हती, अशी असंख्य मुले वाचविली. औषधदान व ज्ञानदान यांचा संगम घडतो तेव्हा त्यातून अभयदानही आपोआप घडते, हाच या इतिहासाचा बोध होय.