घड्याळे ३९ मिनिटे पुढे

जुनी वर्तमानपत्रं चाळायची मला वाईट खोड आहे. राजा मेला, लढाई जुंपली वगैरे ठळक बातम्या मी सोडून देतो. मला आवडतात त्या आतल्या पानांवरच्या साध्यासुध्या. अमुक आळीत उद्या पाणी उशिरा येणार. तमुक रस्ता बंद. मथळा वाचायचा, पेपर मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या आळीत काय काय गोंधळ झाला असेल ते डोळ्यांसमोर आणायचं. फुकटची करमणूक आहे, करून बघा.

या खेळातली माझी सगळ्यात लाडकी बातमी १ जानेवारी १९०६ ची. मथळ्याचे शब्द माझे, पण मतलब हाच: 'आजपासून घड्याळे ३९ मिनिटे पुढे'.

झालं होतं असं. तोवर मुंबईचं घड्याळ मुंबईच्या सूर्यावर चालायचं, म्हणजे ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. कलकत्त्याचं वेगळं, मद्रासचं वेगळं. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावायची, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. सरकारने ठरवलं की आता सगळ्यांना एकच वेळ, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मद्रासवाल्यांना काटा फक्त ९ मिनिटं सरकवायचा होता. मुंबईकरांना ३९.

आता मिटा पेपर.

गिरगावातल्या चाळीत त्या सकाळी दूधवाला रोजच्या वेळी आलाय आणि घरमालकीण त्याला 'पाऊण तास उशीर केलास' म्हणून झापतेय. म्हशीला नवीन टाइम कोणी कळवलेलाच नाही. एका देणेकऱ्याने सावकाराला सांगितलंय, की ३९ मिनिटं सरकारने खाल्ली, तेवढं व्याज सरकारकडून घ्या. रात्री बाराला वर्ष संपायचं म्हणून जागणाऱ्यांनी बारा वाजून ३९ मिनिटांनी नवीन वर्ष साजरं केलं, की मधली मिनिटं कोणी जगलंच नाही? (आमच्या धंद्यात अशा मधल्या मिनिटांत पडलेल्या नोंदी शोधायला माणसं रात्र रात्र बसतात. मी बसलोय.)

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती मला कल्पनेत सुचली नसती. मुंबई म्युनिसिपालिटीने नवीन वेळ मानायचं साफ नाकारलं! फिरोजशहा मेहतांनी मुंबई टाइमची बाजू लढवली आणि १९०६ मध्येच म्युनिसिपालिटीने जुनी वेळ कायम ठेवली. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे स्टँडर्ड टाइमवर, म्युनिसिपालिटी मुंबई टाइमवर. आणि म्युनिसिपालिटीची इमारत कुठे? बोरीबंदर स्टेशनच्या समोर. म्हणजे दादरहून नऊच्या गाडीने निघालेला कारकून अर्ध्या तासाने बोरीबंदरला उतरून रस्ता ओलांडायचा आणि ८.५१ ला कचेरीत हजर! निघण्याच्या आधी पोचणारा माणूस. माझ्या एका रिपोर्टात प्रवासाचा वेळ उणे ९ मिनिटं आला असता तर टेस्टरने माझं काय केलं असतं, ते तुम्हीच ठरवा :-)

संध्याकाळी त्याचे व्याजासकट वसूल व्हायचे म्हणा. पाचला सुटून रस्ता ओलांडला, की स्टेशनात ५.३९.

हा हट्ट नुसता विक्षिप्तपणा नव्हता. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनने मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली होती. तेव्हा राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवणार, असं विद्यापीठाने ठरवलं, तर सरकारने रात्री ते उजळायचा खर्च द्यायला नकार दिला. शेवटी १८८३ मध्ये सरकारनेच माघार घेतली. १९०६ मध्ये तर बंगालच्या फाळणीचा राग ताजा होता. सरकारने सूर्यसुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय हलवावा, हे कोणाला पटणार?

आणि ज्यांना भाषणं करायला फुरसत नव्हती त्यांचं काय? त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम टाकलं, दगडफेक झाली. त्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते आणि अंधार पडल्यावरही काम चालू राहू लागलं होतं. त्यात भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार. दूधवाल्याचा विनोद मी घरी बसून केला, पण त्या माणसांची झोप खरोखर गेली असती.

हे दोन घड्याळांचं नाटक १९५० च्या दशकापर्यंत चाललं, म्हणजे ४० हून जास्त वर्षं. आणि इथेच आमची आजी येते.

आजीचा जन्म १९३१ चा, गिरगावातला. पत्रिकेवर फक्त 'सकाळी ६-१०'. पहिलं स्थळ पुण्याचं होतं. तिकडच्या जोशीबुवांनी बाराव्यात मंगळ काढला आणि स्थळ फिरलं. आजी ते शेवटपर्यंत सांगायची, हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

मागच्या शनिवारी मी तिची पत्रिका कॉम्प्युटरवर घातली. स्टँडर्ड टाइम धरला: मंगळ बाराव्यात. मुंबई टाइम धरला, म्हणजे ६-४९ झाले: लग्न पुढच्या राशीत, मंगळ अकराव्यात. मंगळ गायब! माझा पत्रिकेवर काडीचाही विश्वास नाही, तरी पाच मिनिटं मी स्क्रीनकडे बघत बसलो.

बाबांना फोन लावला. "पणजोबांच्या घरातलं घड्याळ कुठल्या वेळेवर असायचं?"

"अरे, ते म्युनिसिपालिटीत कारकून. कुठल्या वेळेवर असणार?"

म्हणजे पुण्याच्या जोशीबुवांनी टाइमझोन विचारला असता, तर आजी सदाशिव पेठेत नांदली असती आणि हे लिहायला मी नसतो. आजोबांकडे पत्रिका बघायचीच पद्धत नव्हती. ते रेल्वेत होते.

"मग लग्नाचा मुहूर्त कोणाच्या घड्याळाने धरला?" मी विचारलं.

"वरपक्ष वेळेवर आला म्हणे," बाबा म्हणाले, "आणि वधूपक्ष पाऊण तास उशिरा. आजोबा त्यावरून पन्नास वर्षं टोमणे मारत होते."