कुंभकोणमच्या रस्त्यावरचं गाणं

कुंभकोणम म्हटलं की आपल्याला देवळं, डिग्री कॉफी आणि गणिती रामानुजन आठवतात. आज आपण या गावातून १९३०च्या एप्रिलमध्ये गेलेल्या एका गाण्याबद्दल बोलू.

आधी थोडं मागे जाऊ. तंजावरला १६७६ ते १८५५ मराठ्यांचं राज्य होतं. त्या काळात कुंभकोणमजवळच्या मरुदनल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी सामूहिक भजनाची पद्धत घालून दिली. त्यात तेलुगू, संस्कृत, तमिळ पदांबरोबर आपले मराठी अभंगही आले. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. त्यासाठी गाणं शिकलेलं असायची गरज नव्हती. पण हे भजन मुख्यतः अग्रहारातलं, म्हणजे ब्राह्मण आळीतलं. गावाबाहेरच्या वस्तीला तिथे जागा नव्हती.

ही खंत गाण्यातूनच पुढे आली. गोपाळकृष्ण भारतींचं ‘नंदनार चरित्रम्’ १८६१मध्ये छापलं गेलं. नंदन हा दलित शेतमजूर. त्याला चिदंबरमला देवदर्शनाला जायचंय आणि त्याचा ब्राह्मण मालक त्याला सोडत नाही. कथा भक्तीची खरी, पण ऐकणाऱ्याला मालकाच्या अंगणात उभं करणारी.

आता १३ एप्रिल १९३०. राजाजींच्या नेतृत्वाखाली सुमारे शंभर सत्याग्रही तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला मीठ उचलायला निघाले. वाट सुमारे २४० किलोमीटरची, तंजावर-कुंभकोणमवरून जाणारी. नामक्कलचे कवी रामलिंगम् पिळ्ळै यांनी या यात्रेसाठी एक गीत रचलं. शस्त्राशिवाय लढायच्या युद्धाला या, असं बोलावणारं. शब्द साधे, चाल पावलांना जुळणारी. गाणारेच चालत होते, त्यामुळे व्यासपीठ लागलं नाही आणि तिकीटही नाही.

तंजावरचे कलेक्टर थॉर्न यांनी फर्मान काढलं: सत्याग्रहींना जेवण किंवा आसरा देणाऱ्याला शिक्षा होईल. तरी कुंभकोणमच्या पंतुलू अय्यर यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं आणि तुरुंग पत्करला. वाटेवरच्या लोकांनी झाडांच्या फांद्यांना जेवणाच्या पुड्या बांधून ठेवल्या. २८ एप्रिलला यात्रा वेदारण्यमला पोचली, ३० तारखेला मीठ उचललं आणि राजाजींना अटक झाली. पुढच्याच महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला.

मग गाण्याने काय केलं? कायदा गाण्याने मोडला नाही, तो मिठाने मोडला. पण अन्न देणं हाच गुन्हा ठरतो, तेव्हा दाराआड बसलेल्या माणसाला आपण एकटे नाही हे कळावं लागतं. रस्त्यावरून येणारा शंभर गळ्यांचा आवाज ते कळवतो. त्या आवाजात अंगणाबाहेरचा नंदन आहे की नाही, हे मात्र प्रत्येक पिढीने पुन्हा तपासायचं असतं. तुमच्या गावात एकत्र गाणं होतं तेव्हा कोण गातं आणि कोण बाहेर उभं असतं, एवढं नक्की बघा.