अश्वशक्तीचे मापन आणि दुरुस्ती गुणक : टर्बोचार्ज्ड इंजिनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनाची क्षमता अश्वशक्तीत सांगण्याची प्रथा सर्वत्र रूढ आहे. तथापि हा आकडा केवळ इंजिनाचा अंगभूत गुणधर्म नाही. तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या हवेत आणि कोणत्या नियमाने काढला यावरही तो अवलंबून असतो. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनाच्या बाबतीत या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे अधिक महागात पडते. प्रस्तुत लेखात त्यामागील कारणांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

मापनाची परंपरा

एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, हे प्रमाण जेम्स वॅटचे. वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला समजावे, असा त्यामागे उघड व्यापारी हेतू होता. १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या दांड्यावर घर्षणाचा ब्रेक लावून शक्ती मोजली. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने पाण्याच्या रोधावर चालणारा डायनॅमोमीटर तयार केला. आजच्या वर्कशॉपमधील 'डायनो' याच कुळातला.

आकडा नियमानुसार किती बदलतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. १९७१ पर्यंत तेथील कंपन्या पंखा, सायलेन्सर इत्यादी जोडण्या काढून घेतलेली 'ग्रॉस' शक्ती जाहीर करीत. १९७२ च्या मॉडेलपासून सर्व जोडण्यांसह मोजलेली 'नेट' शक्ती देण्यात येऊ लागली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाचा आकडा त्यामुळे ३६५ वरून २३५ वर आला. इंजिन मात्र जवळजवळ तेच होते.

पाईक्स पीकची चाचणी

हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची शक्ती घटते. म्हणून मोजलेल्या आकड्याला हवेचा दाब व तापमान यांनुसार एका गुणकाने गुणून तो प्रमाण परिस्थितीत आणला जातो. अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-१३४९ या प्रमाणात कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल आणि तापमान २५ अंश सेल्सिअस गृहीत धरतात. जुन्या जे-६०७ नुसार येणारा आकडा याहून सुमारे ४ टक्के मोठा असतो. जाहिरातीत तोच का आवडतो, हे सांगावयास नको.

टर्बोचार्जर या गृहीतकालाच छेद देतो. १९०५ मध्ये स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने त्याचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस याने लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोराडोतील १४,००० फुटांहून उंच अशा पाईक्स पीकवर नेले. समुद्रसपाटीस सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर २३० वर उतरले. टर्बो जोडताच ३५६ भरले. २३० चे ३५० करण्यास १.५२ हा गुणक लागतो. तोच ३५६ ला लावल्यास ५४१ अश्वशक्ती येते. अशी शक्ती त्या इंजिनाने शिखरावर दिली नव्हती आणि पायथ्याशीही दिली नसती. हवेची उणीव टर्बोने आधीच भरून काढली होती; गुणक ती कागदावर दुसऱ्यांदा भरून काढतो.

ट्यूनिंगमधील अर्थनिर्णय

हाच पेच सौम्य रूपात पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या शहरात दिसतो. कोरड्या हवेचा दाब ९५ किलोपास्कल धरल्यास, २५ अंशांवर जे-१३४९ चा गुणक सुमारे १.०५ येतो. १०० किलोपास्कल बूस्ट घेणाऱ्या इंजिनाच्या वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या दाबाच्या तुलनेत उघडत असेल, तर एकूण दाब १९९ ऐवजी १९५ राहतो, म्हणजे घट केवळ २ टक्के. संगणक निरपेक्ष दाब कायम राखत असेल, तर घट आणखी कमी होते. ती शून्यावर मात्र येत नाही, कारण टर्बोला अधिक फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. इंटरकूलर तापल्यावर नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो, याचाही गुणकाला पत्ता नसतो; तो खोलीतील हवेचेच तापमान पाहतो.

त्याच हवेत, त्याच गुणकाने आधीचे व नंतरचे वाचन घेतले तर प्रमाणापुरती ही चूक कापली जाते. प्रश्न उद्भवतो तो केवळ नंतरच्या कागदाची कंपनीच्या माहितीपत्रकाशी तुलना केली जाते तेव्हा. वरील इंजिनाचे बूस्ट १०० वरून १२० वर नेल्यास एकूण दाब सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि शक्तीतही साधारण तेवढ्याच वाढीची अपेक्षा धरता येते. १.०५ चा गुणक त्यातील ३ ते ५ टक्के काहीही न करता दाखवितो. बूस्टला हातही न लावलेली मोटार त्या कागदावर ट्यून झालेली दिसते.