गोळीवर नाव का नसते?

गेल्या रमजानआधी धुळ्याच्या खाला आमच्याकडे जळगावला आल्या. पर्समध्ये पानसुपारीची जुनी डबी होती, पण आत सुट्या गोळ्या. शुगरची कोणती, प्रेशरची कोणती, हे त्या रंगावरून ओळखत. मध्येच दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली. आधीच्या पांढऱ्या आणि आताच्या पिवळ्या, दोन्ही शुगरच्याच निघाल्या. खाला आठवडाभर दोन्ही घेत होत्या, म्हणून चक्कर येत होती. डॉक्टरांनी गोळी उलटसुलट पाहिली आणि विचारले, “पट्टी कुठे आहे?” पट्टी कचऱ्यात गेली होती.

गोळीवरच नाव का नसते, हा प्रश्न तेव्हा पडला.

पूर्वी हकीम आणि वैद्य हाताने गोळ्या वळत. बनवणारा समोर बसलेला असे, नावाची गरज नव्हती. 1843 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रॉकेडनने भुकटी दाबून गोळी करण्याचे पेटंट घेतले. पुढे कारखाने आले, बनवणारा दूर गेला आणि त्याची ओळख पटवणे भाग पडले. बायरची अ‍ॅस्पिरिन तर फुलीच्या आकारात लिहिलेल्या नावानेच जगभर ओळखली गेली.

आपल्याकडे भेसळयुक्त औषधांच्या तक्रारी वाढल्यावर सरकारने 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. त्यातून 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम आले. याच दशकात, 1935 मध्ये, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला उभी केली. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापणे आज बंधनकारक आहे, पण वेष्टनावर. गोळीवर नाही.

अमेरिकेत औषधविक्रेता मोठ्या बाटलीतून गोळ्या मोजून लहान बाटलीत देतो. मूळ वेष्टन रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तिथे 1995 पासून, थोडे अपवाद सोडता, प्रत्येक गोळीवर खूण सक्तीची आहे. खूण, रंग आणि आकार जुळवला की औषध, त्याची ताकद आणि कंपनी कळते. मुंबईची ल्युपिन तिथे रक्तदाबाची लिसिनोप्रिल विकते, त्या गोळीवर कंपनीचे नाव आणि आकडा कोरलेला असतो. म्हणजे आपल्या कारखान्यांना हे जमते. आपला कायदा मागत नाही, कारण तो पट्टीवर विसंबून आहे.

आणि आपण पट्टीच फेकतो. चार गोळ्या कापून घेतल्या की मुदतीचा तुकडा दुकानातच राहतो. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा झाला आहे, पण तोही वेष्टनावरच.

म्हणून घरातल्या बुजुर्गांच्या गोळ्या पट्टीतच ठेवा. हज-उमऱ्याला जाताना तर पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही सोबत हवी. परक्या मुलुखात सुट्या गोळीची साक्ष कोण देणार?

खालांच्या डबीत आता पुन्हा सुपारी आहे.